ओळखीची पात्रे, नव्या कथा

फाल्गुन महिना लागला म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांतून मृदंगाची थाप ऐकू येऊ लागते. शिमग्याच्या दिवसांत ठिकठिकाणी नमन-खेळे होतात. आरंभी गणपतीचे स्तवन, मग गौळण, पुढे एखादा पौराणिक वग, असा हा खेळ रात्र सरेपर्यंत रंगतो. या खेळातील एक सोंग मुलांच्या विशेष आवडीचे असते. काळा पेहराव, डोक्यावर निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरांची माळ, अशा थाटात संकासूर उड्या घेत येतो. त्याला पाहून लहान मुले प्रथम आईच्या पदराआड दडतात आणि दुसऱ्याच क्षणी खुदकन हसतात.

हा संकासूर म्हणजे पुराणातील शंखासूर होय, असे मानले जाते. पुराणातला शंखासूर वेद चोरून नेणारा दैत्य. त्याच्या वधासाठी श्रीविष्णूंना मत्स्यरूप धारण करावे लागले. अशा भयंकर दैत्याला कोकणातील खेळकऱ्यांनी आपल्या अंगणात आणले, त्याला नाचविले, त्याला थट्टामस्करी शिकविली आणि होता होता तो सर्वांचा लाडका झाला. इतका, की त्याला नवस बोलणारी माणसेही कोकणात आढळतात.

एका ग्रंथातील पात्राला दुसऱ्या कोणी तरी अशा रीतीने नवा जन्म द्यावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. संत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडापर्यंत लिहून झाले असता त्यांनी देह ठेवला, आणि उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. मोरोपंतांचे मन तर एका रामायणाने भरलेच नाही. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांपैकी एकात ओठ जुळवून उच्चारावी लागणारी अक्षरे वर्ज्य केलेली आहेत. ‘राम’ या नावातील ‘म’ हे अक्षरही त्यांतलेच. तेव्हा ‘राम’ हा शब्द न उच्चारता रामाची कथा सांगण्याचा तो खटाटोप होता! नाव नाही, तरी राम ओळखू येतो; कारण पात्र नावात राहत नसून त्याच्या कृतीत आणि स्वभावात राहते.

आजची मुलेही असे लेखन करतात. आवडते पुस्तक संपले म्हणजे मनाला चुटपुट लागते. पुढे काय झाले असेल, अमुक माणूस त्या वेळी तसा का वागला असेल, असे प्रश्न मनात घोळू लागतात आणि वहीच्या मागच्या पानांवर एखादी नवी कथा उमटू लागते. कथा नवी असते, पण पात्रे ओळखीची असतात. अशा लेखनात स्वातंत्र्य किती घ्यावे? आवडत्या पात्राला आपल्या मनासारखे वागविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यापूर्वी थोरामोठ्या लेखकांनी हे काम कसे केले, ते पाहणे उपयोगाचे ठरेल.

कोणताही ग्रंथ सारे काही सांगत नाही. महाभारतासारख्या विशाल ग्रंथातही अनेक जागा मोकळ्या राहिलेल्या आहेत. एखादे पात्र येते, मोठे कार्य करते आणि पुन्हा कधीच दिसत नाही. नव्या कथेचे बीज बहुधा अशाच मोकळ्या जागेत रुजते. कचाचे उदाहरण घ्या. देवगुरूंचा हा पुत्र शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकण्यासाठी येतो. देवयानी त्याच्याशी विवाह करू इच्छिते. तो तिला नकार देतो, दोघे एकमेकांना शाप देतात आणि कच स्वर्गाला परत जातो. येथे महाभारतातील त्याचे काम संपते. देवयानीचा पुढे ययाति राजाशी विवाह होतो. पण त्या कथेत कच पुन्हा येत नाही.

वि. स. खांडेकर यांनी १९५९ साली ‘ययाति’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. सांगलीस जन्मलेले खांडेकर १९२० सालापासून सुमारे अठरा वर्षे शिरोडे येथे शिक्षक होते. ते गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. खांडेकरांनी आपल्या कादंबरीत कचाला परत आणले. ययातीला सुखोपभोगाची तहान लागलेली आहे आणि ती कशानेही भागत नाही. त्याच्यासमोर खांडेकरांनी संयमी, विचारी, प्रेमळ असा कच उभा केला. महाभारतात हे नाही, हे खरे. परंतु ज्या कचाने विद्येसाठी मरण पत्करले आणि कर्तव्यासाठी प्रेम बाजूला सारले, तो पुढील आयुष्यात असाच झाला असेल, हे वाचकाला पटते. खांडेकरांनी मोकळी जागा भरली. पण भरताना मूळ रेषेला धरून भरली. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्काराचा मान लाभला.

मोकळी जागा भरणे हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक धाडसाचा आहे. तो म्हणजे मूळ कथेतच बदल करणे.

महाभारतातील शकुंतला आपल्या लहान मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते. राजाला तिची चांगली आठवण असते, तरीही तो तिला ओळख देत नाही. शकुंतला मुळीच घाबरत नाही. सत्याची थोरवी काय असते, हे ती भर सभेत राजाला ठणकावून सांगते. शेवटी आकाशवाणी होते आणि मग राजा तिचा स्वीकार करतो. आपण एकदम स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती, असे कारण तो देतो.

कालिदासाला आपल्या नाटकासाठी असा नायक चालण्यासारखा नव्हता. जाणूनबुजून पत्नीला नाकारणारा राजा प्रेक्षकांना प्रिय कसा व्हावा? म्हणून त्याने दुर्वासांचा शाप आणि खुणेची अंगठी यांची योजना केली. महाभारतातील कथेत या दोन्ही गोष्टी नाहीत. शापामुळे राजाची स्मृती गेली, अंगठी सापडताच ती परत आली. त्यामुळे राजाकडे दोष राहिला तो विस्मरणाचा, कपटाचा नव्हे. या एका बदलाने साऱ्या कथेचा रंग पालटला. आज बहुतेकांना शकुंतलेची कथा म्हणून जी ठाऊक असते, ती कालिदासाची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्याच्या रंगभूमीवर आणलेले ‘संगीत शाकुंतल’ हे नाटकही कालिदासाच्याच नाटकावर आधारलेले आहे.

मात्र या बदलाचे मोलही द्यावे लागले. राजा निर्दोष झाला. पण सभेत एकटी उभी राहून राजाला सत्य ऐकविणारी ती करारी शकुंतला मागे पडली आणि तिच्या जागी अधिक कोमल अशी नायिका आली. कालिदासाची प्रतिभा असामान्य, म्हणून हा व्यवहार त्याला साधला. सामान्य लेखकाने बदल करताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हा बदल कशासाठी करावयाचा? आणि त्यामुळे काय गमवावे लागणार आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर बदल जरूर करावा. ‘मला तसे आवडते’ एवढेच उत्तर मिळाले, तर लेखणी थोडी थांबवावी.

आता ज्या पात्रावर महाराष्ट्रातील वाचकांचे फार प्रेम आहे, त्या कर्णाकडे वळू. कर्णाची कथा ऐकून कोणाचे मन द्रवत नाही? जन्मताच आईने नदीत सोडलेले मूल. अधिरथ नावाच्या सूताने आणि त्याची पत्नी राधा हिने ते वाढविले. अंगी अलौकिक सामर्थ्य असूनही ‘सूतपुत्र’ या शब्दाने तो जन्मभर पोळत राहिला. दानासाठी त्याने अंगावरची कवचकुंडलेसुद्धा उतरवून दिली. अन्याय सोसणाऱ्या मनुष्याविषयी मुलांना स्वाभाविकच ओढ वाटते. त्यामुळे एखाद्या वर्गात आवडत्या पौराणिक वीराविषयी लिहावयास सांगितले, की अनेकांच्या वहीत कर्ण अवतरतो.

पण हीच ओढ कधी कधी वाचकाची दिशाभूल करते. महाभारताच्या सभापर्वात कर्णाचे एक निराळे रूप दिसते. द्यूतात सर्वस्व हरलेले पांडव माना खाली घालून बसले आहेत. द्रौपदीला ओढून सभेत आणलेले आहे. थोर थोर वृद्ध गप्प आहेत. अशा वेळी कौरवांपैकीच एक तरुण उठतो. तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. हे जे चालले आहे तो अधर्म आहे, असे तो स्पष्ट बोलतो. त्याला दटावून खाली बसविणारा आणि द्रौपदीच्या अपमानाला उत्तेजन देणारा मनुष्य म्हणजे कर्ण होय.

कर्णावर प्रेम करणाऱ्या लेखकाने या प्रसंगाचे काय करावे? त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली वाट, हा प्रसंग गाळून टाकण्याची. ती सोपी आहे. पण तिने गेल्यास कागदावर जो उतरतो तो कर्ण नव्हे, केवळ कर्णाचे नाव घेतलेला एक सद्गुणांचा पुतळा होय. दुसरी वाट, दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची. ‘स्वयंवरात द्रौपदीने त्याचा अपमान केला होता, म्हणून तो तसे बोलला,’ असे अनेक जण म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे कार्य हाती घेतले. देशभरातून मिळविलेल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांची ताडातोड करून, कोणता श्लोक जुना आणि कोणता मागाहून घातलेला, हे विद्वानांनी ठरविले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत या कार्याची धुरा वाहिली, आणि १९६६ साली हे प्रचंड कार्य सिद्धीस गेले. या आवृत्तीच्या मुख्य पाठात ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे प्रसिद्ध उद्गार नाहीत. ते मागाहून आलेले म्हणून तळटीपांत दिलेले आहेत. म्हणजे ज्या अपमानाच्या आधारे कर्णाचे समर्थन करावयाचे, तो अपमान बहुधा कोणा कर्णप्रेमी किंवा अर्जुनप्रेमी कथाकाराने पुढे केव्हा तरी कथेत घातलेला असावा! आवडत्या पात्रांविषयी नवे लिहिण्याची हौस किती जुनी आहे, हे यावरून दिसून येईल.

तिसरी वाट अवघड आहे. दोष दोष म्हणूनच ठेवावयाचा, आणि तो ठेवून त्या मनुष्याच्या अंतःकरणात उतरावयाचे. ही वाट चालू इच्छिणाऱ्याला महाभारतच हात देते. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला एकांतात गाठतो आणि त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो. ‘तू पांडवांत ज्येष्ठ आहेस, राज्य तुझे आहे,’ असे तो म्हणतो. कर्ण नकार देतो. राधेने आपल्याला दूध पाजले, अधिरथाने आपले संस्कार केले, त्यांना सोडणे आपल्याला शक्य नाही, असे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, अशी विनंतीही करतो. कारण कळले तर तो धर्मनिष्ठ राजा राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाच्या हवाली करू. आणि याच संभाषणात कर्ण आणखी एक गोष्ट बोलतो. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना जे कठोर शब्द बोललो, त्यांचा आपल्याला आता पश्चात्ताप होत आहे, असे तो कबूल करतो.

ज्याने सभापर्वातील प्रसंग गाळला, त्याला हा पश्चात्तापही लिहिता येणार नाही. कारण चूकच नाही, तर पश्चात्ताप कशाचा? कर्णाचा दोष लपविणारा लेखक त्याच्या आयुष्यातील एक अत्यंत उदात्त क्षणही नकळत त्याच्यापासून हिरावून घेतो. प्रेमापोटी घडत असला, तरी हा अन्यायच होय.

मराठीत १९६७ या एकाच वर्षी महाभारतावरील दोन प्रसिद्ध पुस्तके निघाली. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथील शिवाजी सावंत यांनी ‘मृत्युंजय’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने कथा सांगतात. मूळ ग्रंथात ज्यांच्या वाट्याला फार थोडे शब्द आले, त्या पत्नीला आणि भावाला सावंतांनी बोलते केले. दुसरे पुस्तक इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. इरावतीबाई या मानवशास्त्राच्या पंडिता. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. त्यांनी महाभारतातील माणसांकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले. कोणालाही देव्हाऱ्यात न बसविता प्रत्येकाचे गुण आणि उणिवा त्यांनी तपासल्या. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

या दोन पुस्तकांतील कर्ण सारखा नाही. एकात प्रेमाने पाहिलेला कर्ण आहे, दुसऱ्यात पारखून घेतलेला. मग खरा कोणता? हा प्रश्न काहीसा, घराच्या अंगणातून दिसणारा डोंगर खरा की गलबतातून दिसणारा डोंगर खरा, असे विचारण्यासारखा आहे. दोघांनीही पाहिलेला डोंगर एकच आहे, हे महत्त्वाचे. ज्याने डोंगर पाहिलाच नाही आणि तरी त्याचे चित्र काढले, त्याच्या चित्राला मात्र कोणी तो डोंगर म्हणणार नाही. म्हणून मूळ ग्रंथ नीट वाचणे, ही अशा लेखनाची पहिली अट होय.

दुसरी अट स्वभावाची. पात्राचे वय, काळ, गाव, पेहराव यांत बदल केला तरी चालतो. स्वभाव बदलला की पात्र हरवते. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे मराठी मुलांच्या परिचयाचा आहे. किडकिडीत अंगाचा, सायकल पिटाळणारा, संकटात उडी घेणारा आणि ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा हा फुरसुंगीचा बनेश फेणे. २०१७ साली त्याच्यावर जो चित्रपट निघाला, त्यात तो शाळकरी मुलगा राहिलेला नसून तरुण झालेला आहे. तरीही अन्याय दिसला की स्वस्थ न बसण्याची त्याची वृत्ती तीच आहे. म्हणून तो ओळखू येतो. त्याचप्रमाणे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घ्या. चिमणराव भिडस्त, गुंड्याभाऊ दांडगा. उद्या कोणी या दोघांना विमानात बसविले, तरी हरकत नाही. पण गडबड झाल्यावर भिडस्त कोण आणि बाह्या सरसावणारा कोण, याची अदलाबदल झाली, तर वाचक म्हणेल, ‘हे ते नव्हेत.’ आपल्या कथेतील नावे झाकून ती मित्राला वाचावयास द्यावी. बोलण्याचालण्यावरून त्याला पात्रे ओळखता आली, तर लेखन साधले असे समजावे. मोरोपंतांनी ‘म’ वर्ज्य करून हीच परीक्षा आपखुशीने दिली होती.

तिसरी अट इतर पात्रांविषयी. आपल्या नायकाला उंच करण्यासाठी बाकीच्यांना खड्ड्यात उभे करणे, हा नव्या लेखकांचा नेहमीचा दोष आहे. कर्ण थोर ठरावा म्हणून अर्जुनाला भित्रा करणे, किंवा द्रौपदीला गर्विष्ठ करणे, याने कर्णाची उंची वाढत नाही. भित्र्या प्रतिस्पर्ध्याशी लढणाऱ्या वीराचे कौतुक ते काय? अर्जुन जितका समर्थ, तितके कर्णाचे सामर्थ्य उठून दिसते.

लेखनाप्रमाणे वाचनालाही काही पथ्ये आहेत. आपल्या मित्राने आपल्या आवडत्या पात्राविषयी लिहिलेले वाचताना ‘माझा कर्ण असा नाही’ असे एकदम म्हणू नये. प्रथम विचारावे, ‘हे तुला मूळ ग्रंथात कोठे सापडले?’ त्याने आधार दाखविला, तर आपल्या मनातील चित्र पुन्हा एकदा तपासून पाहावे. आधार नसेल, पण कल्पना स्वभावाला धरून असेल, तर तिचे स्वागत करावे. आधारही नाही आणि स्वभावाशी मेळही नाही, असे आढळल्यास ते सौम्य शब्दांत सांगावे. ‘कर्ण युद्धात मेलाच नाही, असे समजू’ अशी कथा कोणी लिहिली, तर तीही वाचण्यास हरकत नाही. मात्र ही केवळ कल्पना आहे, हे लेखकाने आरंभीच सांगावे. नाही तर लहान वाचक तिलाच महाभारत समजून बसावयाचा. पात्रावरून मैत्री तुटू देऊ नये. ज्या दोघांना एकच पात्र प्रिय आहे, त्यांनी खरे तर एकमेकांच्या अधिक जवळ यावयास हवे.

आणखी एका व्यक्तीचा विचार अशा वेळी करावा लागतो. ती व्यक्ती म्हणजे पात्राचा मूळ निर्माता. स्पेन देशातील लेखक सर्व्हान्टिस याने ‘डॉन किहोटे’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध केला. तिचा नायक लोकांना अतिशय आवडला. दुसरा भाग लिहून होत असतानाच, १६१४ साली कोणी तरी टोपणनावाने त्याच नायकाचा दुसरा भाग छापून मोकळा झाला. त्यात सर्व्हान्टिसची निंदाही होती. सर्व्हान्टिस व्यथित झाला. पण त्याने उत्तर दिले ते कथेतूनच. १६१५ साली निघालेल्या खऱ्या दुसऱ्या भागात नायकाच्या कानांवर या खोट्या पुस्तकाची वार्ता येते. त्या पुस्तकात तो सारागोसा शहरी गेल्याचे लिहिले आहे, असे कळताच तो आपला बेत बदलतो आणि बार्सिलोनाची वाट धरतो! शेवटी लेखकाने नायकाचा मृत्यूही लिहून टाकला, म्हणजे पुन्हा कोणी त्याला घराबाहेर काढू नये. निर्मात्याचे आपल्या पात्राशी असलेले नाते किती जिव्हाळ्याचे असते, हे यावरून समजते.

व्यासांचा कर्ण साऱ्यांचा आहे; पण अलीकडच्या लेखकाने निर्माण केलेले पात्र ही त्याची मिळकत असते. भारतातील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या पुस्तकाचे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. भा. रा. भागवत २००१ साली निवर्तले. तेव्हा फास्टर फेणेची नवी कथा कोणाला छापून विकावयाची असेल, तर अनुमती घेतली पाहिजे. वहीत हौसेने लिहून मित्रांना वाचून दाखविण्याची गोष्ट वेगळी. तेथेही ‘मूळ पात्र अमक्याचे’ एवढी एक ओळ वर लिहिण्याची सवय ठेवावी. ऋण मान्य केल्याने कोणी लहान होत नाही.

हे सारे नियम आवडत्या पात्रांविषयी झाले. नावडत्या पात्रांचे काय? याचे उत्तर भास नावाच्या प्राचीन नाटककाराने देऊन ठेवले आहे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृत नाटके कित्येक शतके विस्मृतीत गेली होती; त्रावणकोरचे पंडित गणपतिशास्त्री यांनी शोधून काढल्यावर १९१२ सालापासून ती छापली गेली. त्यांत ‘ऊरुभंग’ नावाचे एक लहानसे नाटक आहे. गदायुद्धात मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे. त्याचा लहान मुलगा दुर्जय बापाला शोधत येतो आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या मांडीवर बसू पाहतो. ज्या मांडीवर त्याने बसावयाचे, तीच आता उरलेली नाही. महाभारतात हा प्रसंग नाही. तो भासाच्या कल्पनेतला आहे.

भासाने दुर्योधनाची दुष्कृत्ये नाकारली नाहीत, की भीमाला दुष्ट ठरविले नाही. दुर्योधन हा कोणाचा तरी पिता होता, एवढीच महाभारताने मोकळी ठेवलेली जागा त्याने पाहिली आणि तेथे एक मूल उभे केले. मरता मरता तो पिता मुलाला सूड घ्यावयास सांगत नाही. ‘माझी केलीस तशीच पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ,’ असा उपदेश करतो. आयुष्यभर ज्याचा राग केला, त्या दुर्योधनासाठी हे वाचून मन हळहळते. तो निर्दोष होता, असे मात्र आपल्याला क्षणभरही वाटत नाही.